पाटीवरचं गाव आणि फडावरचं गाव

आज गप्पा मारायच्या आहेत गावाच्या पाटीविषयी. तुमच्याही ग्रामपंचायतीच्या भिंतीवर ती असणार. गावाचं नाव, तालुका, जिल्हा, क्षेत्रफळ, कुटुंबं किती, लोकसंख्या किती, त्यात पुरुष किती, स्त्रिया किती. आपण रोज तिच्याखालून पाण्याला जातो, रेशनला जातो, पण मान वर करून वाचत नाही. आम्हीही वाचत नव्हतो.

मागच्या महिन्यात आमच्या गटाची बैठक पंचायतीच्या ओट्यावर भरली, कारण समाजमंदिरात लग्नाचा मांडव होता. हप्ते गोळा होईपर्यंत आमच्यातल्या एकीच्या लेकीनं ती पाटी मोठ्यानं वाचून दाखवली. लोकसंख्येच्या आकड्यापुढे कंसात २०११ लिहिलेलं. तेवढ्यात गटातली सगळ्यांत थोरली आजी, तंबाखू मळता मळता म्हणाली, "मी न्हाई त्याच्यात."

आम्ही हसलो. आजीचं लग्न होऊन या गावात आली त्याला पन्नास वर्षं होऊन गेली. ती नाही तर कोण आहे? पण आजी खरंच बोलत होती. २०११ची माणसांची मोजणी झाली ९ ते २८ फेब्रुवारीत. त्या दिवसांत आजी, तिचा नवरा, दोन मुलं, सुना आणि नातवंडं पश्चिम महाराष्ट्रातल्या एका साखर कारखान्याच्या फडावर, पाचटाच्या कोपीत होती. घराला कुलूप. मग एकेकजण आठवायला लागली. "मी पण न्हाई." "आमचं तर आख्खं घर न्हाई." ओट्यावर बसलेल्या एकवीस जणींपैकी किती जणी पाटीवर निघाल्या, ते ऐकून लेकरू पाटीकडे पाहत राहिलं. हप्ते गोळा करायचे राहूनच गेले.

आमचं गाव बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगरात. माळरान, हलकी जमीन, विहिरीला दिवाळीपर्यंत पाणी. कारखान्याचे पट्टे पेटले की अर्धं गाव ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसतं आणि पाडव्याच्या आगंमागं परत येतं. फेब्रुवारीत आमच्या गावात कोण असतं? म्हातारी माणसं, शाळेसाठी मागं ठेवलेली लेकरं, आणि कुत्री.

जनगणनेचा नियम असा आहे, की मोजणीच्या दिवसांत माणूस एखादा दिवस जरी घरी असला तरी त्याला घरीच मोजायचं. पण सगळेच दिवस बाहेर असला तर घरी धरायचं नाही, जिथे सापडेल तिथे मोजायचं. नियमात तशी खोट नाही. एक माणूस दोनदा मोजला जाऊ नये म्हणून तो केलेला आहे. पण आमच्यासारख्या गावाला तो फार महागात पडतो. त्या दिवसापासून आम्हाला एक नाद लागला: गाव कुठे आहे आणि गावात माणसं किती, हे लिहायला सुरुवात कुणी केली? कशासाठी केली? आणि त्यात बाईमाणूस कधी आलं? जे हाती लागलं ते आज सांगतो.

आधी शब्द बघा. जनगणना हा शब्द अलीकडचा. त्याआधी मराठीत म्हणायचे खानेसुमारी. खाना म्हणजे घर, सुमारी म्हणजे मोजणी. म्हणजे मोजायचं ते घर, माणूस नव्हे. दुसरा शब्द शिरगणती, डोकी मोजणं. आपला मराठवाडा १९४८पर्यंत निजामाच्या राज्यात होता, तिथला सरकारी कारभार उर्दूत. उर्दूत या मोजणीला म्हणतात मर्दुमशुमारी. हा शब्द आमच्या बैठकीत सांगितला तेव्हा एक वहिनी फणकारली, "म्हणजे मर्दांचीच मोजणी का?" तसं नाही. मर्दुम म्हणजे माणसं, त्यात बायाही आल्या. पण वहिनीची शंका अगदीच बिनबुडाची नव्हती, ते पुढे कळेल.

राजेरजवाड्यांच्या काळात गावाची मोजणी व्हायची ती वसुलीसाठी. जमीन किती, जिरायत किती, बागायत किती, नांगर किती, घरं किती. पेशवाईत घरपट्टी होती, म्हैसपट्टी होती. पट्टी बसायची म्हणून म्हैस मोजली जायची. बाईवर पट्टी नव्हती.

इंग्रज आले आणि त्यांना गाव समजून घ्यायची गरज पडली. पेशवाई बुडाली १८१८ साली. लगेच पुढच्या वर्षी, १८१९च्या सुमारास, टॉमस कोट्स नावाच्या एका इंग्रज डॉक्टरानं पुण्याजवळच्या एका गावाची बारकाईनं माहिती लिहून काढली. गाव लोणी, म्हणजे आजचं लोणीकंद. पुण्याहून नगरकडे जाताना कोरेगाव भीमाच्या अलीकडे लागतं. गाव कुठे वसलंय, जमीन कशी, घरं कशी, लोक काय खातात, काय नेसतात, कर्ज किती, असं सगळं त्यानं टिपलं. थोडी घरं सोडली तर शेतकरी सगळे कर्जात, हेही त्यानं तेव्हाच लिहून ठेवलंय. दोनशे वर्षं झाली, मैत्रिणींनो. पुढे समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये त्याच गावात गेले, तेव्हाचं आणि आताचं लोणीकंद ताडून पाहिलं आणि १९६०मध्ये त्याचं पुस्तक केलं. लहानशा गावाचं असं नशीब क्वचितच असतं.

दुसरं गाव पुण्याजवळचंच, पवना नदीकाठचं पिंपळे सौदागर. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्रिन्सिपॉल डॉ. हॅरॉल्ड मान यांनी या गावाची घर न् घर पाहणी केली. त्यांचं पुस्तक १९१७ साली निघालं. जुनी वसुलीची कागदपत्रं चाळून त्यांनी काढलेला हिशेब असा: १७७१ साली या गावात एका खातेदाराकडे सरासरी ४० एकर जमीन होती. १८१८ साली साडेसतरा एकर. १८२० ते १८४० या काळात १४ एकर. आणि १९१४-१५ साली ७ एकर. शिवार तेवढंच, खाणारी तोंडं वाढली, वाटण्या झाल्या. हा हिशेब आपल्याला शिकवायला कुणी साहेब नको. तीन भावांत बांध पडले की काय होतं ते आपल्या चुलीला आधी कळतं. पण त्यांनी ते आकड्यात मांडलं, हे मोठं काम झालं.

मान यांनी आणखी एक गोष्ट पाहिली. या गावातल्या शंभरातल्या पासष्ट घरांचा खर्च त्यांच्या मिळकतीत भागत नव्हता. मग कानिटकर या सहकाऱ्याला घेऊन ते शिरूर तालुक्यातल्या जातेगाव बुद्रुकला गेले. ते गाव पुण्यापासून लांब, कोरडवाहू. तिथला हिशेब १९२१ साली छापला. तिथे शंभरातली पंच्याऐंशी घरं अशी निघाली. पिंपळे सौदागरच्या माणसाला खडकीचा दारूगोळ्याचा कारखाना जवळ होता, पुण्याची मजुरी जवळ होती. जातेगावच्या माणसाला काय होतं? पाऊस.

म्हणून आम्ही म्हणतो, गाव कुठे आहे आणि गावात माणसं किती, या दोन वेगळ्या ओळी नाहीत. गावाचं ठिकाणच माणसं धरून ठेवतं नाहीतर हाकलून लावतं. आज पिंपळे सौदागरला जाऊन पाहा. पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत गेलंय ते. सात एकराच्या खातेदारांच्या शिवारात आज उंचच उंच इमारती उभ्या आहेत आणि हिंजवडीच्या संगणक कंपन्यांत जाणारी माणसं तिथे राहतात. आमच्यातल्या दोघी जणींची मुलं त्याच भागात चौकीदारी करतात. नदी तीच, जागा तीच. माणसांनी गाव भरून वाहिलं. आणि आमचं गाव त्याच काळात दरवर्षी सहा महिने रिकामं व्हायला लागलं.

आता सरकारी मोजणीचं. आपल्या देशात पहिली जनगणना १८७२ साली धरतात, पण ती सगळीकडे एकाच वेळी झाली नव्हती. सगळीकडे एकाच वेळेची पहिली मोजणी झाली ती १७ फेब्रुवारी १८८१ला. निजामाच्या राज्यातली पहिली मोजणीही तीच. तिथून दर दहा वर्षांनी, सालाच्या शेवटी एक आला की मोजणी, असा शिरस्ता पडला. एवढ्या सगळ्या मोजण्यांत एकदाच असं झालं की देशाची माणसं आधीपेक्षा कमी भरली. ती १९२१ची मोजणी. मधे १९१८ची मानमोडीची साथ येऊन गेली होती. इन्फ्लुएंझाला आपल्या आज्या-पणज्या मानमोडीच म्हणायच्या. घरंच्या घरं बसली. कोरोनात आपण जे पाहिलं त्याच्या कितीतरी पट. आणि पाहा, कोरोनानंच २०२१ची मोजणीही अडवली. म्हणून तर आमच्या पाटीवर अजून २०११चाच आकडा आहे.

बाईचं नाव कागदावर येणं हीसुद्धा एक लढाईच होती. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या निवडणुकीसाठी मतदारयाद्या करायला घेतल्या, तेव्हा देशात, मुख्यतः उत्तरेकडच्या राज्यांत, लाखो बायांनी आपलं नाव सांगितलंच नाही. अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढंच लिहून घेतलेलं. निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी ते चालवून घेतलं नाही. नाव सांगा, नाहीतर यादीतून काढतो. शेवटी सुमारे २८ लाख बायांची नोंद यादीतून गेली. तेव्हा त्या बायांचं मत गेलं, हे वाईटच झालं. पण आयुक्त अडून बसला नसता तर अमक्याची बायको हेच नाव पुढे किती वर्षं चाललं असतं कोण जाणे.

आपल्याकडे अडचण उलटी. आपण स्वतःचं नाव सांगू, पण नवऱ्याचं नाव घेणार नाही. आमची थोरली जाऊ सांगते, तिच्या सासूकडे मोजणीवाला मास्तर आला तेव्हा घरात दुसरं कुणी नव्हतं. मास्तर विचारतोय घरधन्याचं नाव, आणि सासूबाई पदर तोंडाला लावून गप्प. शेवटी मास्तरच म्हणाला, उखाणा घ्या, मी त्यातून लिहून घेतो. सासूबाईंनी उखाणा घेतला आणि सरकारी कागदावर नाव चढलं.

नाव चढलं तरी काम चढत नव्हतं. "काम काय करता?" या प्रश्नाला आपलं ठरलेलं उत्तर: काही नाही, घरीच असते. पहाटे उठून पाणी, दळण, शेण, धारा, मग खुरपणी, संध्याकाळी सरपण, आणि तरी घरीच. मोजणीवालाही तेच लिहून पुढे जायचा. १९९१च्या जनगणनेत या प्रश्नात मुद्दाम शब्द वाढवले, की स्वतःच्या शेतातलं किंवा घरच्या धंद्यातलं बिनमजुरीचं कामही काम म्हणून धरा. म्हणजे १८८१पासून धरलं तर एकशे दहा वर्षांनी आपली खुरपणी त्या प्रश्नात आली. उत्तर मात्र अजून आपल्यालाच नीट द्यायचं आहे.

आता फडाकडे येऊ. सहकारी साखर कारखानदारी महाराष्ट्रात सुरू झाली ती प्रवरेला. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी उभा केलेला तो कारखाना १९५०च्या अखेरीस सुरू झाला. पुढे कारखाने वाढले, ऊस वाढला, आणि तोडायला माणसं लागली. ती कुठून यायची? जिथे पाणी नाही तिथून. १९७२च्या दुष्काळात आजी खडी फोडायला होती, ती सांगते की त्यानंतर तर उचल घेऊन जाणारांची गावात रांग लागली.

मुकादमाच्या वहीत माणूस मोजत नाहीत, कोयता मोजतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. तो तोडतो, ती मोळ्या बांधते, डोक्यावर घेऊन ट्रक भरते. उचल कोयत्याला मिळते, ती नवऱ्याच्या हातात. एकट्या माणसाला म्हणतात अर्धा कोयता. मैत्रिणींनो, सरकारच्या पाटीवर आम्ही नाही, आणि मुकादमाच्या वहीत आम्ही अर्ध्या. मग पूर्ण कुठे आहोत, असं आमच्यातली एक तरणी सून त्या बैठकीत म्हणाली, आणि मग बराच वेळ कुणी काही बोललं नाही.

मोजल्यानं काय होतं, याचा एक दाखला आमच्याच जिल्ह्यातला. पाळीच्या दिवसांत खाडा नको, दंड नको म्हणून तरण्या बायांच्या पिशव्या काढल्या जातात, हे आपल्याला माहीत होतं. विहिरीवर आपण बोलतच होतो. २०१९ साली सरकारनं बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांहून जास्त ऊसतोड बायांची विचारपूस केली. १३ हजारांहून जास्त बायांची पिशवी काढलेली निघाली. विहिरीवरची कुजबुज विधिमंडळात गेली. आणि दुसरा आकडा, तोही आमच्याच जिल्ह्याचा. २०११मध्ये बीडमध्ये सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे मुली निघाल्या ८०७. सगळ्या महाराष्ट्रात सर्वांत कमी. त्याच्या दहा वर्षं आधी त्या ८९४ होत्या. हा आकडा छापून आला तेव्हा जिल्ह्याला मान खाली घालावी लागली. न मोजत्या तर कुणालाच घालावी लागली नसती.

आता कुणी म्हणेल, पाटीवर शे-दोनशे माणसं कमी लिहिली म्हणून काय बिघडलं? बिघडतं. ग्रामपंचायतीत १५०० लोकसंख्येपर्यंत सात सदस्य, त्याच्यावर ३०००पर्यंत नऊ. आमचा आकडा दीड हजाराच्या थोडा आत अडकलाय. फडावरची माणसं धरली असती तर दोन जागा वाढल्या असत्या, आणि निम्म्या जागा बायांच्या, म्हणजे त्यात आपली एक तरी. साधारण हजार माणसांमागे एक आशाताई. चारशे ते आठशे वस्तीमागे एक अंगणवाडी. डोंगराळ भागात तीन हजारांमागे एक उपकेंद्र. पंतप्रधान ग्रामसडक योजना २००० साली आली, तेव्हा सपाटीवरच्या पाचशेच्या वरच्या वस्तीला सडक असा हिशेब होता. पंचायतीला येणारा वित्त आयोगाचा पैसाही बराचसा लोकसंख्येवरच. एक मात्र प्रामाणिकपणे सांगायला पाहिजे: फडावर मोजलेली माणसं हवेत जात नाहीत, ती दुसऱ्या गावाच्या आकड्यात जमा होतात. पण त्या गावाची आशाताई आमच्या कोपीवर कितीदा येते, ते आमच्या बाळंतिणींना विचारा.

पुढची मोजणी आता जाहीर झाली आहे. १ मार्च २०२७ ही तारीख धरून माणसं मोजणार, म्हणजे घरोघरची मोजणी पुन्हा फेब्रुवारीतच. पट्टा पडायला तेव्हा वेळ असणार. या वेळी जातीचीही नोंद आहे, आणि कागदाऐवजी मोबाइलवर भरून घेणार आहेत.

आम्ही काय केलं ते सांगतो. गटाच्या हिशेबाच्या वहीतली मागची पानं मोकळी होती. त्यात घरवार नावं लिहायला घेतली. बाईचं स्वतःचं नाव आधी, मग बाकीचं. काम काय, तेही लिहिलं, आणि "घरीच" हा शब्द बंद केला. फेब्रुवारीत कोण कुठल्या कारखान्यावर असेल, ते टोळीप्रमाणे लिहिलं. ही वही काही सरकारी मोजणी नव्हे. पण ग्रामसभेत ती आमच्या हातात असणार आहे, आणि मोजणीच्या काळात एखाद्या टोळीला दोन दिवस गावी येता येईल का, हे मुकादमाशी बोलायचं ठरलंय. दोघा मुकादमांनी हसण्यावारी नेलं. एकानं बघू म्हटलंय. फडावर जे राहतील त्यांनी कोपीत मोजणीवाला आला की उठून नाव सांगायचं आणि येणार नसेल तर कारखान्याच्या शेतकी ऑफिसात जाऊन विचारायचं, असंही ठरलं.

वही लिहिताना जन्मठिकाणाचा रकाना आला. आपणा बायांचा हा रकाना भरणं सोपं नसतं. जन्म एका गावचा, नांदणं दुसऱ्या गावचं. एकेकजण आपल्या माहेराचं नाव सांगत होती, आणि ते कुठे आहे हे सांगताना तालुका नाही, बाजाराचं गाव सांगत होती. अमक्या बाजारापासून दोन कोसावर, नदीच्या अल्याडला. त्या निमित्तानं किती तरी वर्षांत न काढलेली नावं ओट्यावर निघाली.

मग त्या तरण्या सुनेची पाळी आली. तिच्या मांडीवर तीन वर्षांची पोर. स्वतःचं सगळं तिनं धडाधड सांगितलं. पोरीच्या जन्मठिकाणाला अडली. ती पोर उसाच्या फडाच्या कडेला, पहाटे ट्रक भरून झाल्यावर जन्मली. गाव कुठलं ते तिला माहीत नाही. त्या हंगामात टोळीनं पाच गावं बदलली होती. कॅनॉल होता आणि पलीकडे देवळाचा कळस दिसत होता, एवढं तिला आठवतं. लिहिणारी लेक पेन धरून थांबली. आजी म्हणाली, "तिच्या नवऱ्याला फोन लावा, स्लिपा आसतील त्याच्याकडं, त्याच्यावर गावाचं नाव आसतं." फोन लावला. तो रानात होता, म्हणाला संध्याकाळी बघून सांगतो. तो रकाना तेवढा आम्ही मोकळा ठेवलाय.